पिशवीचे वीस हजार फेरे

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी आहे. खुंटीला एक पिशवी, पिशवीत पिशव्या, त्या पिशव्यांच्या पोटात आणखी पिशव्या. मध्यंतरी लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या म्हणून एक चांगली दणकट पिशवी शोधायला गेले आणि अख्खं गाठोडं फरशीवर ओतलं. मग राहवेना. मोजायलाच बसले. ३७ निघाल्या! लग्नामुंजीत हातात पडलेल्या ९, चर्चासत्रांच्या ११, साडीच्या दुकानांच्या ८ आणि उरलेल्या ९ आमच्याकडे कुठून राहायला आल्या ते त्यांनाच ठाऊक. बहुतेकींवर हिरवं पान छापलेलं. एकीवर तर पृथ्वी चक्क हसते आहे.

“अगं, पिशव्या मोजतेस की कैऱ्या आणतेस?” सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

“आई, ३७ आहेत!”

“मग? खायला मागतात का?”

खायला नाही मागत. पण ज्यांनी हिशोब केलाय त्यांचं ऐकलं तर फेरे मात्र मागतात, आणि ते किती, हे ऐकून मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न अगदी बाजारातला होता. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कापडी पिशवी घेतली, तर ती किती वेळा वापरल्यावर प्लास्टिकपेक्षा खरोखर बरी ठरते? कापूस पिकवण्यापासून पिशवी कचऱ्यात जाईपर्यंतचा सगळा जमाखर्च मांडला. हवामान, पाणी, माती, ओझोनचा थर, सगळे निकष लावले आणि एकाही निकषावर कापडी पिशवी मागे पडता कामा नये असं ठरवलं. उत्तर आलं : साध्या सुती पिशवीसाठी ७,१०० वेळा. आणि सेंद्रिय कापसाची, म्हणजे सगळ्यात सोवळी जी पिशवी, तिच्यासाठी २०,००० वेळा!

वीस हजार. आठवड्यातून दोनदा भाजी आणतो असं धरू. वर्षाला १०४ फेऱ्या. २०,००० भागिले १०४, म्हणजे १९२ वर्षं. एकच पिशवी, १९२ वर्षं! बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली सुटली, त्याच्याही वीसेक वर्षं आधी कुणा पूर्वजाने ही पिशवी खांद्याला लावायला हवी होती, आणि ती न फाटता, न हरवता, शेजारणीकडे उसनी न जाता आज माझ्यापर्यंत पोचायला हवी होती. साध्या सुती पिशवीला ६८ वर्षं. तेवढं एखादीच्या नशिबात असेलही. पण माझ्याकडे ३७ आहेत. सगळ्या साध्या सुती धरल्या तरी २,६२,७०० फेऱ्या. आठवड्याला दोन या बेताने २,५०० वर्षांच्या वर! गौतम बुद्धांच्या काळात भाजी आणायला निघाले असते, तर आता कुठे शेवटच्या पिशवीची शेवटची मेथी घेऊन घरी पोचले असते.

थांबा, घाबरून पिशव्या फेकू नका. फेकल्या तर हिशोब आणखी बिघडतो. वीस हजाराचा आकडा ओझोनच्या एका निकषाने फुगलेला आहे. फक्त हवामानापुरतं बघितलं, तर साध्या सुती पिशवीला ५२ फेऱ्या पुरतात आणि सेंद्रियला १४९. ५२ फेऱ्या म्हणजे सहा महिने. जमण्यासारखं आहे. शिवाय कचरा उघड्यावर पडला तर काय, हा मुद्दा त्या अभ्यासाने धरलेलाच नाही. त्यांच्या देशात त्याची गरज नसावी. आपल्याकडे मात्र तुंबलेला नाला आणि गाईच्या पोटातला प्लास्टिकचा गोळा हेच दोन मोठे निकष आहेत. त्याच वर्षी, डॅनिश अहवालानंतर जेमतेम महिनाभराने, २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड! अख्खं राज्य कापडी पिशव्यांकडे वळलं. माझ्या ३७ पैकी निम्म्या त्यानंतरच्याच.

बरं, ओझोन बाजूला ठेवला तरी कापसावर एवढा राग कशासाठी? पाण्यासाठी.

पाण्याचा हा हिशोब मांडायची रीत नेदरलँड्सचे आर्यन हूक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये रूढ केली. वस्तूत दिसत नाही, पण ती बनताना खर्ची पडलं ते सगळं पाणी मोजायचं. त्यांच्या पद्धतीने एका सुती टी-शर्टला जगाच्या सरासरीने २,७०० लिटर पाणी लागतं. एक टी-शर्ट! पाव किलोचा! १५ लिटरचा हंडा धरला तर १८० हंडे. डोक्यावर एक, कमरेवर एक असे नेले तर विहिरीच्या ९० खेपा. तेच पाणी प्यायला घेतलं, रोज ३ लिटर, तर एका माणसाला अडीच वर्षं पुरेल.

आता ढोल-ताशा पथक घ्या. १०० वादक. गणपतीला सगळ्यांना एकसारखे नवे टी-शर्ट हवेतच, मागच्या वर्षीचे नाही चालत. १०० टी-शर्ट गुणिले २,७०० लिटर, म्हणजे २ लाख ७० हजार लिटर. आता एक विहीर डोळ्यांसमोर आणा : २० फूट व्यासाची, ३३ फूट पाणी असलेली, काठावरून डोकावलं की पोटात गोळा येईल अशी. तिच्यात पाणी किती? साधारण २ लाख ९४ हजार लिटर. एका पथकाने एक विहीर नेसली! तळाला उरलं दोनेक टँकरांपुरतं. आणि ही झाली जगाची सरासरी. आपल्या कापसाला भारतात किलोमागे २२,५०० लिटर लागतात, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, कारण एकरी पीकच कमी. विदर्भातला कोरडवाहू कापूस हे पाणी बरंचसं पावसाकडून घेतो हे खरं, पण आकडा तो आकडा. भारतीय कापसाचे टी-शर्ट घातले तर त्याच पथकाला एक नाही, दोन विहिरी लागतात. पुण्यात पथकं किती आहेत ते मी मोजणार नाही. मला त्याच गावात राहायचंय.

विहिरीत डोकावून झालं असेल तर धरणावर चला. जगभरचा कपड्यांचा उद्योग वर्षाला ९,३०० कोटी घनमीटर पाणी वापरतो, असा संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे. वाचून काही होत नाही ना? मलाही झालं नव्हतं. म्हणून कोयना घ्या. १०५ टीएमसी, महाराष्ट्राचा तहानलाडू. काठोकाठ भरलेलं कोयना धरण रिकामं करा. पुन्हा भरा, पुन्हा रिकामं करा. असं ३१ वेळा! वर्षाला ३१ कोयना, नुसत्या कपड्यांना. पुणेकरांनी खडकवासला धरणसाखळी घ्यावी : चारही धरणं मिळून २९ टीएमसी, ती ११३ वेळा. मुंबईकरांना रोज जवळपास ४०० कोटी लिटर पाणी मिळतं. त्यांना हे पाणी ६४ वर्षं पुरलं असतं. जगाचे एका वर्षाचे कपडे, आणि मुंबईचं ६४ वर्षांचं पाणी!

आणि इतकं पाणी पिऊन तयार झालेल्या कपड्यांचं होतं काय? एलन मॅकार्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये हिशोब मांडला : दर सेकंदाला कचऱ्याचा एक ट्रक भरून कापड पुरलं किंवा जाळलं जातं. दर सेकंदाला! हे वाक्य वाचेपर्यंत चार गेले. दिवसाचे सेकंद ८६,४००, तेवढेच ट्रक. एक ट्रक ८ मीटर लांब धरा, एकामागे एक चिकटून उभे करा. रांग होते ६९१ किलोमीटर. समृद्धी महामार्ग आहे ७०१ किलोमीटरचा. म्हणजे रोज रात्री बारा वाजता नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत समृद्धीची एक पूर्ण लेन चिंध्यांच्या ट्रकांनी भरलेली, फक्त दहा किलोमीटर मोकळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

इतका पसारा पाहून माणूस हबकतो, आणि हबकलेला माणूस दुकानात हिरवं पान शोधतो. आता त्या पानांचे आकडे बघू. इथे मला खरी मजा आली.

वस्तूवर ‘पर्यावरणपूरक’ म्हणून जे शिक्के मारतात, त्यांच्या एका जागतिक यादीत किती शिक्के आहेत? ४५६! १९९ देशांत मिळून. रोज एक पाठ करायला घेतला तर सव्वा वर्ष लागेल. आपला सरकारी शिक्काही आहे हं, १९९१ पासूनचा, इकोमार्क नावाचा. त्याचं चिन्ह मातीचं मडकं. मला ते चिन्ह फार आवडतं. साबणाच्या वेष्टनांवर, वह्यांवर, रंगाच्या डब्यांवर मी ते कितीदा शोधलं असेल! घरातल्या माठावर नजर पडली की वाटतं, हेच असावं.

टेराचॉइस नावाच्या उत्तर अमेरिकी संस्थेने २००७ मध्ये दुकानांत जाऊन १,०१८ वस्तू उचलल्या आणि त्यांच्यावरचे हिरवे दावे तपासले. दावा खोटा आहे का, मोघम आहे का, पुरावा आहे का. १,०१८ पैकी निर्दोष किती निघाल्या असतील? ५००? १००? दहा तरी? एक. एक वस्तू! बाकी १,०१७ कुठे ना कुठे सापडल्या. वडापावच्या गाड्यावर हजार वडे खाल्ले आणि एकाच वड्यात बटाटा निघाला, असं झालं हे. २०१० मध्ये त्यांनी जाळं मोठं केलं : ५,२९६ वस्तू, १२,०६१ दावे. एक दावा वाचायला दहा सेकंद धरा. मुंबई-पुणे डेक्कन क्वीनमध्ये खिडकीशी बसून वाचायला घेतलं तर पाच वेळा जाऊन-येऊनसुद्धा थोडे उरतील. आणि या वेळी? ९५ टक्क्यांहून जास्त वस्तूंवर डाग. तीन वर्षांत सुधारणा झाली म्हणायची!

युरोपीय आयोगाने २०२० मध्ये १५० दावे घेतले, त्यातले निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार. युरोपातसुद्धा! आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या दाव्यांसाठी नियमावली काढली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्यामुळे त्या नियमांखालचे आकडे अजून यायचेत. मी वाट बघत्येय.

पण सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारून आपण सुटणार नाही. २०१९ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या एका लेखात एक पाहणी आली होती. हेतू चांगला असलेल्या कंपन्यांचाच माल घ्यायचाय असं म्हणणारे ६५ टक्के. प्रत्यक्ष घेणारे २६ टक्के. याची एसटी करू. गाडीत ४४ माणसं. कंडक्टर विचारतो, “पर्यावरणाचं बघून खरेदी कोण करणार?” २९ हात वर! स्वारगेटला गाडी थांबते, सगळे उतरून दुकानात जातात. पिशवीत तसला माल घेऊन परत येतात ११. उरलेले १८ खिडकीतून बाहेर बघतात. त्यात मी आहे, खोटं कशाला बोलू. हिरव्या मार्केटिंगवर जगभर जे संशोधन चाललंय, त्यातलं निम्मं या १८ जणांचा शोध घेत असावं असा माझा आपला अंदाज.

त्यातलाच एक लोभस प्रयोग टॉवेलांचा. हॉटेलात ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा’ असं कार्ड असतं ना, त्यावरूनच जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी गृहस्थाने १९८६ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द काढला. धुण्याचा खर्च हॉटेलचा वाचतो आणि नाव पृथ्वीचं, हे त्याला खटकलं. पुढे २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी त्याच कार्डावरचा मजकूर बदलून बघितला. पृथ्वीची हाक दिली तेव्हा ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इतर बहुतेक पाहुणे वापरतात’ असं लिहिलं तेव्हा ४४ टक्क्यांनी. आणि दुसऱ्या फेरीत ‘याच खोलीत राहून गेलेले बहुतेक जण वापरतात’ असं लिहिलं, तर ४९ टक्के! पृथ्वीपेक्षा त्या खोलीतला कालचा अनोळखी पाहुणा जड ठरला. आता नऊ टक्क्यांची ताकद बघा. एखाद्या मोठ्या हॉटेलात रोज हजार टॉवेल धरा. ९० टॉवेल रोज धुवायचे वाचले, वर्षाला ३२,८५०. अर्ध्या किलोचा एक, तर १६ टन धुणं. एक भला मोठा ट्रक भरून टॉवेल, आणि खर्च काय? कार्डावरची एक ओळ.

ओळ बदलून सोळा टन वाचतात, तसं ओळ बदलून बुडवताही येतं. फोक्सवॅगनने अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून गाड्या विकल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की गाडीत असं सॉफ्टवेअर होतं, की धुराची चाचणी सुरू आहे हे गाडीला कळायचं. साहेब तपासणीला आला की वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो, तशी ती चाचणीपुरती शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत! एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा ताशी १०० आहे. तिथे कुणी चाळीस पटीने गेलं तर ताशी ४,००० किलोमीटर. मुंबई-पुणे सव्वादोन मिनिटांत. अशा सॉफ्टवेअरच्या गाड्या जगभर १ कोटी १० लाख. सव्वाचार मीटरची एक गाडी, रांगेत लावल्या तर ४६,००० किलोमीटरच्या वर. पृथ्वीला एक पूर्ण वेढा बसून सहा हजार किलोमीटर शेपूट उरतं. तीच रांग मुंबई-पुणे रस्त्यावर घडी घालून ठेवली तर तीनशेपेक्षा जास्त पदर! अमेरिकेत २०१६ मध्ये जी तडजोड झाली ती १,४७० कोटी डॉलरपर्यंतची; त्या वेळच्या भावाने जवळजवळ एक लाख कोटी रुपये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा होता. एका विशेषणाची किंमत, एक बुलेट ट्रेन!

आता पट्टे बांधा, कारण पुढे चढण आहे.

आपल्याकडे मोठ्या माणसाची तुला करतात. गूळतुला, पेढेतुला, ग्रंथतुला, रक्ततुलासुद्धा. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की जगातल्या प्रत्येक माणसामागे सरासरी त्याच्या वजनापेक्षा जास्त सामान दर आठवड्याला नव्याने तयार होतं. काँक्रीट, विटा, डांबर, लोखंड, प्लास्टिक. म्हणजे दर रविवारी आठशे कोटी माणसांची तुला! माझी, तुमची, पाळण्यातल्या बाळाची, सासूबाईंची. साठ किलोच्या बाईला वर्षाला तीन टनांच्या वर. माणसाने केलेल्या वस्तूंचं एकूण वजन १.१ लाख कोटी टनांवर गेलं आणि पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या कोरड्या वजनाला त्याने त्याच सुमारास गाठलं. सगळी झाडं, सगळे हत्ती, सगळ्या मुंग्या एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात आपला बाजार. नुसतं प्लास्टिक जगातल्या सगळ्या प्राण्यांच्या दुप्पट!

हे सगळं येतं कुठून? जमिनीतून. दगड, वाळू, धातू, कोळसा, तेल, पिकं, लाकूड मिळून माणूस वर्षाला सुमारे १०,००० कोटी टन काढतो. दहा हजार कोटी टन. मालगाडीत भरू या. एक लांबलचक मालगाडी, ५८ वाघिणी, ढोबळ मानाने ४,००० टन. फाटकात अडकलो की जी संपता संपत नाही आणि पोरं डबे मोजत बसतात, ती. अशा गाड्या लागतील अडीच कोटी! आपली रेल्वे देशभर वर्षाला जवळपास १६० कोटी टन माल वाहते. तेवढा माल जग सहा दिवसांत उपसतं. सहा दिवसांत! फाटकात उभ्या राहा : दिवसाला ६८,००० मालगाड्या, मिनिटाला ४७, दर सव्वा सेकंदाला एक. रात्री झोपा, सकाळी उठा, ऑफिसला जाऊन या, लेकीचं लग्न करून द्या, फाटक काही उघडत नाही. एक गाडी साडेसहाशे मीटरची. सगळ्या जोडल्या तर १ कोटी ६२ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे अंतराच्या एक लाख पट! चंद्र? चंद्र मधेच लागतो. गाडी चंद्राला पोचते, परत येते, पुन्हा जाते, अशा एकवीस फेऱ्या, आणि तरी शेवटची वाघीण कर्जतला सिग्नलला उभी! हे एका वर्षाचं. पुढच्या जानेवारीत दुसरी गाडी.

“झालं का तुझं?” सासूबाईंनी विचारलं. कैऱ्या आणायच्याच राहिल्या होत्या. मी ३७ पैकी एक उचलली, पृथ्वी हसणारी.

“ती नको, बंद तुटतो तिचा.” त्यांनी आपल्या खोलीतून त्यांची पिशवी आणली. सासऱ्यांच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटीची, करड्या रंगाची. मागचा खिसा तसाच ठेवलाय, सुट्ट्या पैशांसाठी, त्यावर अजून बटण आहे. बंदांना घोट्याकडची दुमड वापरलेली, म्हणून ते दुहेरी. १९८९ पासून आठवड्याला दोनदा. मी मनातल्या मनात गुणाकार केला : साडेतीन हजारांच्या वर झाल्या असणार. डेन्मार्कच्या हिशोबाने अर्ध्या वाटेवर, पण तिच्यासाठी नवं सूत कुणी कातलंच नव्हतं, तेव्हा तो हिशोब तिला लावायचा कसा, यावर मी जिना उतरेपर्यंत विचार करत होते.

कैऱ्या पाच किलो मावल्या. वर कोथिंबीरही.

आल्यावर हसऱ्या पृथ्वीवालीचा बंद शिवला आणि दारामागच्या भिंतीवर, खुंटीच्या जरा खाली, तिच्या फेऱ्यांच्या पेन्सिलीने रेघा मारायला घेतल्या. आज सतरावी. ५२ ला अजून ३५ बाकी.